पंख जड की मी हलकी

त्या शेडमध्ये मला काम मिळालं त्याला माझं इंजिनिअरिंग जितकं कारणीभूत होतं तितकंच माझं वजनही. मुलाखतीच्या दिवशी सरांनी माझे मार्क पाहिले, दोन-चार प्रश्न विचारले आणि मग जरा अवघडून म्हणाले, "राग मानू नकोस, पण तुझं वजन किती?" मी सांगितलं. पन्नाशीच्या आतलं होतं. त्यांचा चेहरा उजळला. माझ्या वजनाने कुणाला आनंद झालेला मी पहिल्यांदाच पाहत होते. घरी त्यावरून फक्त बोलणी खायला लागायची.

सर मूळचे पुण्याचे. इकडे महादेवपुऱ्यात, आयटी कंपन्यांच्या भागात, बरीच वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली, मग ती सोडून शहराच्या उत्तरेला, द्राक्षांच्या मळ्यांमागे, पत्र्याची एक शेड घेऊन हँग ग्लायडर बनवायला लागले. ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणून बसवलेल्या कापडाचा मोठा त्रिकोणी पंख, आणि त्याखाली हार्नेसमध्ये, म्हणजे पट्ट्यांनी टांगलेल्या कापडी खोळीत, पोटावर आडवा लटकलेला माणूस, एवढंच ते यंत्र. इंजिन नाही, सुकाणू नाही, पेडल नाही. छातीसमोर एक आडवा बार असतो. तो धरून आपलं अंग डावीकडे सारलं की पंख डावीकडे कलतो आणि वळतो. अंग पुढे ओढलं की वेग वाढतो, मागे ढकललं की कमी होतो. म्हणजे त्यात बसवलेला सगळ्यात महत्त्वाचा भाग माणसाचं वजन हाच असतो, आणि तो भाग प्रत्येक गिऱ्हाइकागणिक बदलतो.

सरांना नव्याने शिकणाऱ्यांसाठी एकच पंख बनवायचा होता, सगळ्यांना चालेल असा. कागदावर ते जमत होतं. एकाच पंखाखाली जड माणूस जोरात पुढे जातो आणि लवकर खाली येतो, हलका माणूस सावकाश जातो आणि सावकाश खाली येतो. उतरण्याचा कोन दोघांचा जवळजवळ सारखाच असतो, म्हणून दोघं साधारण सारख्याच लांबवर पोचतात. हे मला कॉलेजपासून माहीत होतं आणि आवडायचंही. पण वळण्याच्या बाबतीत एवढा सारखेपणा नसतो. जडाने अंग जरा सारलं तरी पंख ऐकतो. हलक्याने सारलं तर कधी ऐकतो, कधी नुसता विचार करत बसतो.

जड बाजू तपासायला एक नागपूरकर होते. महादेवपुऱ्यातल्याच कुठल्याशा कंपनीत मॅनेजर, दर रविवारी पहाटे गाडी घेऊन यायचे. उंच, दणकट, आणि बोलण्यात कुठेही संकोच नाही. हलकी बाजू म्हणजे मी. मी त्याआधी दुसऱ्या एका जुन्या पंखावर, लहान उतारावरून, थोडंफार उडायला शिकले होते.

सरांनी पहिल्याच आठवड्यात सगळं स्पष्ट करून टाकलं. "हे बघ, पंखाच्या मधल्या नळीवर वजनाची मर्यादा चिकटवायची असते. इतक्यापासून इतक्यापर्यंत. तू या पंखावर डावीकडे-उजवीकडे नीट वळलीस आणि पायांवर उतरलीस की खालची मर्यादा तुझ्या वजनाची. मग टेकडीवर जाऊ आणि तिथून तूही उडशील. नाही जमलं तर साठ-पासष्टच्या खाली कुणालाच द्यायचा नाही. लहान मापाचा वेगळा पंख करायची ताकद सध्या आपल्यात नाही."

"म्हणजे बायका गेल्या म्हणा," नागपूरकर म्हणाले.

"बऱ्याचशा."

"मॅडम, तुमच्या खांद्यावर लय जबाबदारी येऊन राहिली बरं का."

मी हसल्यासारखं केलं. टेकडी शहरापासून तीनेक तासांवर होती. तिच्या कड्यावरून खाली तळं आणि शेतं दिसायची. मी तिथे एकदा नुसती सामान उचलायला गेले होते. तिथून उडायची मला किती इच्छा होती हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. न सांगण्याचं मोठंसं कारण नव्हतं. मी बऱ्याच गोष्टी सांगत नाही.

घरी मी "डिझाइनचं काम" एवढंच सांगितलं होतं. आमचं घराणं शिंप्यांचं. कितीतरी पिढ्यांपूर्वी हे लोक इकडे कन्नड मुलखात आले आणि चिकपेटच्या कापडबाजाराच्या गल्ल्यांत बसले. आता दुकान उरलेलं नाही, माणसं बँकेत, कॉलेजात, कुठे कुठे नोकऱ्या करतात. पण डिझाइन म्हटलं की आमच्याकडे अजून ब्लाउजचा मागचा गळाच डोळ्यासमोर येतो. शिवण टिकवून ठेवली ती फक्त माझ्या आत्याने. ती शहरातच, बनशंकरीला राहते, पुढच्या खोलीत दोन मशिनं आहेत, आणि आख्खी गल्ली तिला अक्का म्हणते.

शेडमधले दोन्ही हार्नेस मोठ्या पुरुषांच्या मापाचे होते. ते मी घालण्यापेक्षा त्यात हरवूनच जायचे. सर म्हणाले, तुझा वेगळा शिवून घेऊ. भार घेणारे पट्टे ते स्वतः शेडमधल्या जाड मशिनवर शिवणार होते. अंगाभोवतीचं कापडाचं कवच कुणी चांगल्या हाताने शिवायला हवं होतं. मी आत्याचं नाव सुचवलं.

"मस्त," सर म्हणाले आणि त्यांनी टेप पुढे केला. "छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. दे, मी घेतो पटकन."

मी टेप त्यांच्या हातातून काढून घेतला. "घरून घेऊन येते," म्हटलं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. नागपूरकर मात्र दुसरीकडे बघायला लागले, म्हणजे त्यांच्या आलं असावं.

आत्याकडे गेले तेव्हा तिने मशिनवरून मान वर न करता विचारलं, "मापाला काय आणलंस?"

आमच्याकडे असंच विचारतात. अंगाला टेप लावून माप घेतलेलं मला आठवतच नाही. अंगाला नीट बसणारा एक जुना कपडा मापाला द्यायचा, त्यावरून नवा शिवायचा. मी शाळेत असल्यापासून आत्याने माझे सगळे कपडे असेच शिवले. मी विचार केला होता की हार्नेस जॅकेटवरून घालायचा असतो, तेव्हा मापाला जॅकेटच द्यावं. पहाटे मैदानावर घालायचं ते कापूस भरलेलं जॅकेट मी तिच्यासमोर ठेवलं. सरांनी दिलेला कागदी नमुना ठेवला.

"हे काय गं, गोणपाट शिवायचंय का?"

"हार्नेस आहे, आत्या. त्यात झोपायचं असतं."

"झोपायचं? कुठे झोपायचं?"

मी जमिनीकडे बघत सांगितलं, "थोडंसं वर."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग नमुना उलटसुलट करून पाहिला. "तुझ्या बापाला ठाऊक आहे?"

"डिझाइनचं काम आहे हे ठाऊक आहे."

"अय्यो," एवढंच ती म्हणाली. पण शिवून दिला, आणि फार सुंदर शिवला. दुहेरी टीप, कडा दुमडून आत घेतलेल्या. सरांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, असं काम बाहेरच्या देशातूनसुद्धा येत नाही.

थंडीचे दिवस होते. आम्ही एका सुकलेल्या तळ्याच्या बांधापलीकडे, गवताळ उतारावर उडायचो. उतार बऱ्यापैकी उंच होता. पळत सुटायचं, पाय सुटले की आडवं व्हायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि खाली सपाटीवर उतरायचं. उतरताना बार जोराने वर ढकलला की पंख नाक वर करून थांबतो आणि माणूस पायांवर उभा राहतो. मी बहुतेक वेळा गुडघ्यांवर उभी राहायचे.

पण वळत होते. पहिल्या सकाळी मी अंग डावीकडे सारलं, आणि क्षणभर थांबून पंख डावीकडे गेला. खालून सरांचा "येस!" ऐकू आला. दुसऱ्या रविवारी तसंच झालं. तिसऱ्या रविवारी पहिल्या उड्डाणात वळला, नंतर ऊन आल्यावर वळला नाही. मी अंग सारत होते, सारत होते, आणि पंख सरळ पुढेच चालला होता, जणू वर दुसराच कुणी बसला आहे.

"पाय! पाय कुठे चाललेत तुझे!" सर खालून ओरडत होते.

ही चूक नवखे सगळेच करतात. खांदे डावीकडे नेतात आणि पाय उजवीकडे जातात. अंग सरकत नाही, नुसतं पिळलं जातं. पंखाला काहीच कळत नाही. मला ते माहीत होतं. मी पाय एकत्र धरले, गुडघे आवळले. तरी तेच.

यानंतरचे आठवडे आठवले की मला अजून गोंधळायला होतं, कारण त्या काळात माझी दर रविवारी निराळी समजूत असायची. एखाद्या सकाळी पहिलं उड्डाण असं व्हायचं की वाटायचं, जमलं. तासाभराने त्याच उतारावर, त्याच पंखाखाली, मी गाठोड्यासारखी लटकलेली असायचे. मग वाटायचं हवा बदलली. उन्हाने हवा तापते, उतारावरून हिसके येतात, हे खरंच होतं. मग वाटायचं मी दमते. तेही खरंच होतं. थंडी सरली आणि पहिलं उड्डाणसुद्धा बिघडायला लागलं. तेव्हा मला वाटलं, मी शिकलेलं विसरत चालले आहे. असंही होत असेल का, शिकलेलं उलट्या दिशेने जाणं? विचारायला कुणी नव्हतं. म्हणजे सर होते, पण विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, आणि कबूल केलं की मर्यादा पासष्टवर जाणार.

त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, "ठीक आहे. थोडं जड वाटतं."

"पंख जड वाटतो की तुला जमत नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. हा प्रश्न मला शाळेपासून कुणी ना कुणी विचारत आलं आहे, निरनिराळ्या विषयांवरून. कोपऱ्यातल्या बाकावर बसून मी कधी हात वर केला नाही. उत्तर येत नव्हतं म्हणून की हात जड होता म्हणून, हे बाईंनाही कळलं नाही आणि मलाही.

सरांनी माझ्यावर विश्वास ठेवला, याचंच मला जास्त ओझं झालं. ते म्हणाले, "पंखच ताठ असणार. तुझ्या वजनाने कापड पुरतं हलत नाही." त्यांनी आडव्या नळीला मागून धरणारी दोरी, कमरेच्या पट्ट्यासारखी, एक भोक सैल केली. दोरी सैल केली की नळ्या जरा मिटतात, कापड फुगतं, पंख मऊ होतो आणि सहज वळतो. पण मऊ पंख लांबवर जात नाही. ताठ पंख लांब जातो पण हट्टी असतो. दोन्ही एकदम मिळत नाही. हे सगळं डिझाइन म्हणजे कुणाला किती हट्ट झेपेल याचाच हिशेब आहे.

सैल केल्यावर मी थोडीशी वळले. मग पुन्हा वळेनाशी झाले. सरांनी आणखी एक भोक सैल केलं.

नागपूरकर खाली उतरले ते वैतागून. "सर, हे काय करून ठेवलं? मागच्या महिन्यात मी त्या बाभळीपर्यंत जात होतो. आता अर्ध्यात पडून राहिलो. पंख आहे का गादी?"

"तिच्यासाठी सैल केलाय."

"तिच्यासाठी ठीक आहे, पण माझं काय? सत्तरच्या वरचे सगळे शिव्या घालतील तुम्हाला."

मी गवतावर बसून हेल्मेटचा पट्टा सोडत होते. बराच वेळ सोडत होते.

मग एक सकाळ आली ती विचित्र होती. उन्हाळा होता, पण रात्री वळीव झाला होता आणि पहाटे बोचरा वारा सुटला होता. मी जॅकेट आणायचं केव्हाच बंद केलं होतं. मी थरथरते आहे हे पाहून नागपूरकरांनी गाडीतून आपलं विंडचीटर काढून दिलं. आतून लोकरीचं अस्तर होतं. ते मला गुडघ्यापर्यंत आलं. सगळं दुमडून, कोंबून मी हार्नेस चढवला.

त्याच दिवशी सरांनी बारच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या नळ्या बदलल्या होत्या. माझे हात आखूड, म्हणून उतरताना बार पुरेसा वर ढकलता येत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी चार बोटं आखूड नळ्या कापून आणल्या.

मी पळाले. पाय सुटले. अंग डावीकडे सारलं आणि पंख लगेच, अगदी आज्ञाधारकपणे, डावीकडे झुकला. मी घाबरून उजवीकडे सारलं, तो उजवीकडे आला. मग बार वर ढकलला आणि दोन्ही पायांवर उभी राहिले. नुसती उभी. मला पुढे काय करायचं तेच सुचेना.

सर पळत आले. "झालं! नळ्यांचाच प्रश्न होता! अगं, आपण उगाच..." त्यांनी माझा हात जोरजोरात हलवला. "पुढच्या रविवारी टेकडी."

"माझ्या विंडचीटरात माझं वजन उतरलंय," नागपूरकर म्हणाले. "त्याचं भाडं द्या, मॅडम."

सगळे हसले, मीही हसले. टेकडी. मी पट्टे सोडले, विंडचीटर काढलं, घडी करून त्यांना दिलं आणि दुसऱ्या उड्डाणासाठी हार्नेस पुन्हा बांधायला घेतला. पट्टे तेवढेच आवळले होते. पण पाठ आणि कापड यांच्यामध्ये माझी मूठ सहज आत गेली. मी मूठ काढली, पुन्हा घातली. कुशीलाही तेच. मी खांदे हलवून पाहिले. खांदे हलले, हार्नेस होता तिथेच राहिला.

मला हे लगेच उमगलं असं मुळीच नाही. उलट आधीपेक्षा जास्त गुंता झाला. आज नळ्या बदलल्या होत्या आणि विंडचीटरही होतं. वारा थंड आणि सरळ होता. पंख दोन भोकं सैल होता. यातलं कशामुळे वळले? थंडीत जमत होतं कारण हवा शांत होती, की मी जॅकेट घातलेलं असायचं? ऊन आलं की बिघडायचं कारण हवा तापायची, की मी जॅकेट काढून ठेवायचे? मी तिथेच उभी राहून मागचे सगळे रविवार आठवायचा प्रयत्न केला. पण जॅकेट कधी काढलं हे कोण लक्षात ठेवतं?

गप्प बसले असते तर पुढच्या रविवारी टेकडी होती. आणि गप्प बसणं मला अवघड जात नाही.

"सर," मी म्हटलं, "एकदा विंडचीटरशिवाय जाऊ?"

"जा की."

गेले. नळ्या आखूडच होत्या. अंग सारलं, खांदे गेले, बाकीची मी मागे राहिले. पंख सरळ चालला. पायांवर मात्र उतरले. म्हणजे नळ्या उतरण्यापुरत्या कामाच्या होत्या.

सरांचा चेहरा बदलला होता. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "आता विंडचीटर घालून जाते. आणि दोरी पहिल्यासारखी घट्ट करा."

"घट्ट? तू घट्टवर वळतच नव्हतीस."

"हो. पण तेव्हा मी..." मी हार्नेसमध्ये मूठ घालून दाखवली.

नागपूरकरांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "यात तर अजून एक मॅडम मावतील."

दोरी घट्ट करून, विंडचीटर घालून मी पुन्हा गेले. तोवर ऊन चढलं होतं. पंख वळला, पण उशिरा आणि कुरकुरत. तो ताठ पंखाचा हट्ट होता, की चढत्या हवेचा हिसका, की माझं दमणं? मला कळलं नाही. मी तसंच सांगितलं, "उशिरा वळतो. पण वळतो. हवेमुळे असेल. माहीत नाही."

सर गवतावर बसले. त्यांनी बूट काढला, त्यातला खडा झटकला, परत घातला. "म्हणजे इतके दिवस मी पंख अल्टर करत बसलो," ते म्हणाले, "आणि अल्टर करायला हवा होता हार्नेस."

"थोडासा पंखही," मी म्हटलं.

"थोडासा म्हणजे किती?"

"तेच माहीत नाही."

ते हसतील की चिडतील, मला ठरवता येईना. त्यांनाही बहुधा येत नव्हतं.

आत्याकडे हार्नेस परत नेला तेव्हा ती आधी ऐकूनच घेईना. "मापाला जे दिलंस तेच शिवलं मी. जॅकेट दिलंस, जॅकेटाएवढं शिवलं."

"आणि वर बोटभर सोडलंस."

"सोडणारच. तुझ्या शाळेच्या फ्रॉकला सोडायचे, तसं सोडलं. उद्या अंगाने भरलीस तर उसवायला नको."

"हे ढिलं असून चालत नाही, आत्या. मी सरकले की हे सरकायला पाहिजे."

"मग तसं सांगायचं. तोंड दिलंय ना देवाने? लहानपणापासून असंच. काखेत टोचत असलं तरी सांगायची नाहीस. दिवाळीभर तो हिरवा ड्रेस घालून हात वर करून फिरलीस, आठवतंय?"

आठवत होतं. ती उठली, तिने गळ्यातला टेप काढला. मी हात पसरून उभी राहिले. छाती, कंबर, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. तिचे हात भराभर चालत होते. मधेच थांबून तिने लहानपणीच्या लाडाच्या हाकेने विचारलं, "पुट्टी, खरंच हे घालून वर जातेस?"

"हो."

"किती वर?"

"स्वल्पच," मी म्हटलं. आमच्याकडे थोडंसं म्हणायला हाच शब्द येतो.

"हं. स्वल्प." तिने खडूने कापडावर रेघ ओढली. "मग इथे तीन टिपा घालते."

दुरुस्त झालेला हार्नेस घालून पहिल्यांदा लटकले तेव्हा तो मला मुळीच आवडला नाही. चहूबाजूंनी कुणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटत होतं. पण अंग सारलं की सगळी मी एकदम जायची. पुढचे काही रविवार आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं. तरीही उत्तर स्वच्छ आलं नाही. घट्ट दोरीवर मी वळत होते, पण शांत हवेतच. एक भोक सैल केलं की बहुतेक हवेत वळत होते. शेवटी सरांनी ठरवलं, दोन्ही भोकं ठेवायची. जडाने घट्ट वापरायचं, हलक्याने सैल, आणि दोन्ही वजनांच्या मर्यादा मधल्या नळीवर चिकटवायच्या. आखूड नळ्या ज्याला हव्या त्याला द्यायच्या.

"पण खालचा आकडा अजून घालत नाही," ते म्हणाले. "आधी तू टेकडीवरून जाऊन ये. मग सांग."

टेकडीवर आम्ही उजाडता उजाडता पोचलो. नागपूरकर आधी गेले, घट्ट दोरीवर, तळ्याच्याही पलीकडे. खाली उतरून त्यांनी फोन केला आणि इतक्या मोठ्याने बोलले की फोनची गरजच नव्हती. मग जीपमधून पंख परत वर आणून सरांनी दोरी सैल केली, माझे पट्टे दोनदा तपासले, आणि बाजूला झाले.

कड्यावर वारा समोरून येत होता. पंख खांद्यांवरून उचलला जाऊन आपोआप हलका झाला. मी पळाले. जमीन तीन-चार पावलांतच संपली.

उतारावर उडताना खालची माणसं आपल्याला बघत असतात. इथे कुणी नव्हतं. नुसता कापडाचा बारीक फडफड आवाज आणि वारा. मी डावीकडे सारलं. काहीच झालं नाही. मग, जसा कुणी बोलावल्यावर हातातलं काम संपवून उठतो, तसा पंख डावीकडे कलला. तळं माझ्याभोवती फिरायला लागलं. मी सरळ केलं, तो सरळ झाला. उजवीकडे सारलं, तो लगेच गेला. डावीकडे उशिरा आणि उजवीकडे लगेच, हे का? माझा उजवा हात जास्त जोराचा म्हणून? वारा त्या बाजूने होता म्हणून? की पंखच एका अंगाने कणभर वाकडा होता? मी वर बघितलं. शिवण सगळीकडे सारखीच दिसत होती. मी पुन्हा डावीकडे सारलं, उत्तर मिळावं म्हणून, आणि या वेळी तो आधीपेक्षा लवकर वळला. मी एकटीच मोठ्याने "अरे!" म्हणाले.

शेतात उतरले ती पायांवर, आणि मग दोन पावलं पुढे जाऊन गुडघ्यांवर. एक म्हातारे गृहस्थ बैल सोडता सोडता थांबून बघत होते. त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, लागलं का. मी मान हलवून नाही म्हटलं.

सर जीपमधून आले. दार उघडं ठेवूनच धावत आले. "मग? सांग. वळतो? तुझ्या वजनाला द्यायचा की नाही?"

"द्यायचा," मी म्हटलं. "सैल दोरीवर आणि मापाच्या हार्नेसमध्ये. तसं लिहा."

"नक्की?"

"वळतो हे नक्की. डावीकडे कधी उशिरा, कधी लवकर. ते का, मला माहीत नाही."

"तुझ्यामुळे की पंखामुळे?"

मी हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. वर टेकडीच्या कड्यावर वारा अजून तसाच समोरून येत असणार.

"अजून एकदा गेले तर कळेल," मी म्हटलं, आणि पंख मिटायला त्यांनी हात पुढे केला तो मी अडवला.